सतरा नंबरचं वजन

सर डुकरांना अहो-जाहो करायचे आणि आम्हाला अगं-तुगं. सकाळी पावणेनऊला गमबूट चढवून शेडमध्ये शिरले की पहिल्या जाळीपासून शेवटच्या जाळीपर्यंत त्यांची विचारपूस चालायची. झोप झाली का, पाय कसा आहे आज, काल पाणी का नाही प्यालात. डुकरं हुंकार द्यायची, सर मान डोलवायचे. सगळ्यांचं कुशल विचारून झालं की माझ्याकडे वळून म्हणायचे, "आलीस? उशीर केलास. वही कुठे आहे?" मी घड्याळ लावून पावणेनऊलाच आलेली असायचे. पण सरांच्या मते वेळेवर येणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

आधी जागा सांगते. डोंबिवलीच्या इंडस्ट्रियल एरियात, जिथे एका कंपनीचा वास संपायच्या आत दुसरीचा सुरू होतो, तिथे एका बैठ्या इमारतीत आमची प्रयोगशाळा होती. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या स्टेंटची तिथे चाचणी व्हायची. माणसाच्या छातीत जाण्याआधी ती बारीक जाळी डुकराच्या छातीत जाते, कारण डुकराचं हृदय आकाराने आणि ठेवणीने आपल्या हृदयाच्या फार जवळचं असतं. सर म्हणायचे, भावकीच आहे ती. मागच्या बाजूला शेड, त्यात पांढरी यॉर्कशायर डुकरं, आणि त्यांची तब्येत पाहायला आम्ही दोघं जनावरांचे डॉक्टर. सर मुख्य, मी त्यांच्या हाताखाली. झाडलोटीला बेबीताई, बाजूच्याच आगरी गावातली. आसपासच्या केमिकल कंपन्यांच्या वासाबद्दल लोकांच्या तक्रारी जायच्या, आमच्या शेडबद्दल कधी एक तक्रार गेली नाही. याचा सरांना फार अभिमान होता.

मी कळव्याची. माझं लग्न ठरताना आईने "मुलगी प्राण्यांची डॉक्टर आहे" एवढंच सांगितलेलं. सासरच्यांनी मनातल्या मनात कुत्री-मांजरं धरली. खरं काय ते कळेपर्यंत साखरपुडा उरकलेला. सासूबाई अजूनही आल्या-गेल्याला सांगतात की आमची सून कुत्र्यांची डॉक्टर आहे, मोठ्या मोठ्या कुत्र्यांची. मी त्यांना कधी अडवलं नाही. घरात शांतता राहते.

सर मात्र कुणापासून काही लपवायचे नाहीत. जन्म डोंबिवलीत गेलेला, पक्के शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूण बंद, सोमवारी आणि गुरुवारी उपास. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. साठीला टेकलेला हा माणूस रोज घरी जाऊन दोनदा आंघोळ करायचा आणि मग शेजाऱ्यांच्या दारात उभा राहून आज कुणाचा ताप उतरला ते सांगायचा. शेजारी ऐकून घ्यायचे. कोणाचा ताप, हे त्यांनी विचारायचं कधीच सोडून दिलेलं.

पांढऱ्या कोटाच्या डाव्या खिशात ग्लुकोज बिस्किटं असायची. ती डुकरांची. वजनाच्या काट्यावर स्वतःच्या पायाने चढून शांत उभं राहिलं की अर्धं बिस्किट, असा नेम होता. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, कानामागे खाजवायचं, विनंती करायची आणि वाट पाहायची. नवीन डुक्कर तीन दिवसांत शिकतं. मला शिकायला महिना लागला, असं सर व्हिजिटर्सना आवर्जून सांगायचे. एकदा हरतालिकेच्या कडक उपासाने मला शेडमध्येच चक्कर आली. मी भिंतीला टेकून बसले आणि म्हटलं, सर, एक बिस्किट द्या. त्यांनी बेबीताईला समोरच्या टपरीवर पिटाळून माझ्यासाठी शहाळं मागवलं, पण खिशातलं बिस्किट काही दिलं नाही. "ते त्यांचं आहे," म्हणाले.

कानामागे खाजवायची सवय मात्र अशी लागते की विचारू नका. माझ्या आईचं ब्लड प्रेशर मोजताना मी आधी तिच्या कानामागे दोन बोटं फिरवली होती. आई म्हणाली, हे काय गं नवीन.

नाव ठेवायचं नाही, हा शेडचा सगळ्यात मोठा कायदा. कानाला टॅग, टॅगवर नंबर, बस्स. बेबीताई पहिल्या आठवड्यात एकाला 'गोऱ्या' म्हणाली तर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून अर्धा तास ऐकवलं. नाव दिलं की नातं लागतं, नातं लागलं की हात थरथरतो, आणि हात थरथरला तर त्रास त्यांनाच होतो, आपल्याला नाही. बेबीताई बाहेर येऊन मला म्हणाली, "मंग ते सोता 'बाराबाई, बाराबाई' करतान ते काय?" मी धीर करून सरांना तसं विचारलं. सर म्हणाले, बाई ही पदवी आहे, नाव नाही.

हात थरथरण्याचा प्रश्न का, तेही सांगायला हवं. स्टेंट बसवल्यावर ठरलेले दिवस डुकराला जपायचं, आणि मग त्याला कायमचं झोपवून हृदय बाहेर काढून तपासायचं, असं ते काम आहे. त्याला पर्याय अजून तरी नाही. शेवटचं इंजेक्शन सर स्वतः द्यायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, मलाही नाही. आधी कानामागे खाजवायचं, पूर्ण बिस्किट द्यायचं, आणि मग कानाच्या शिरेत सुई. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. विचारलं तर पोट बिघडलंय म्हणायचे. वर्षातून इतक्या वेळा पोट बिघडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सरांना कुणी डुकराला नावं ठेवलेली चालायची नाहीत. शिवी म्हणून 'डुक्कर' शब्द ऐकला की रस्त्यात थांबून समोरच्याचं प्रबोधन करायचे. दशावतारात यांचा नंबर तिसरा आहे, माणसाचा त्याच्यानंतर लागतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा त्यांच्या भाचीच्या लग्नात मीही गेलेले. पंगतीत सरांच्या शेजारी मुलाचे वडील, म्हणजे भाचीचे होणारे सासरे, बसलेले. गृहस्थ मोठे कर्मठ. नुकतीच हृदयाची झडप बदलून घेतलेली, आणि ते ऑपरेशन कसं झालं ते सगळ्या पंगतीला सांगत होते. सरांचा चेहरा उजळला. त्यांनी वाकून विचारलं, "कुठली बसवली? धातूची, गाईची की डुकराची?" गृहस्थ म्हणाले, मला काय माहीत, डॉक्टर म्हणाले टिश्यूची आहे. सरांनी कंपनीचं नाव विचारलं, मॉडेल विचारलं, आणि आनंदाने त्यांच्या पाठीवर थाप मारून जाहीर केलं, "म्हणजे डुकराची. अभिनंदन. उत्तम वस्तू आहे."

जिलबी ताटात तशीच राहिली. त्या घरातून सरांना पुढे ना बारशाचं बोलावणं आलं ना मंगळागौरीचं. पण दोन महिन्यांनी ते गृहस्थ एकटेच रिक्षा करून आमच्या गेटवर हजर. त्यांना बघायचं होतं. सरांनी त्यांना गमबूट दिले, हात धुवायला लावले, जाळीपाशी नेलं. एक डुकरीण कुशीवर पडून घोरत होती. गृहस्थ बराच वेळ पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, टिकेल ना हो? सर म्हणाले की तुम्ही वरण-भातावर तूप कमी घेतलंत तर टिकेल, यांच्याकडून काही कमी पडणार नाही. जाताना गृहस्थांनी इकडे-तिकडे बघून जाळीला नमस्कार केला. बेबीताईने तो पाहिला आणि आठवडाभर गावात सांगितला.

आता सतरा नंबरचं सांगते, कारण सर आठवले की शेवटी मी तिथेच येते.

सरांच्या निवृत्तीच्या आधीचा शेवटचा प्रयोग होता. बारा डुकरं प्रयोगात, सहा ते सतरा नंबर, आणि अठरा नंबर राखीव. नियम असा की ऑपरेशनच्या दिवशी वजन पंचेचाळीस किलोच्या आत पाहिजे. त्याच्यावर गेलं की औषधाचा डोस, टेबल, एक्स-रेची चित्रं, सगळंच बिघडतं, म्हणून ते जनावर प्रयोगातून बाद. आणि डुक्कर म्हणजे मोकळं खायला दिलं तर रोज अर्धा किलो सहज वाढणारं. त्यामुळे खाणं तोलूनमापून. त्यांना सतत भूक असायची. जेवणाच्या आधी तासभर सगळी शेड ओरडायची.

सतरा ओरडायची नाही. ती जाळीला नाक लावून उभी राहायची आणि आपल्याकडे बघायची. डब्याच्या सुट्टीत त्या बाजूने जायची सोय नव्हती. मी किती दिवस दम धरला ते मला ठाऊक. शेवटी एक दिवस मेथीच्या पराठ्याचा कोपरा जाळीतून सरकवला. दुसऱ्या दिवशी अर्धा. मग तो रिवाजच झाला. एका पराठ्याने काय होतंय, असं मी मनाला समजावायचे.

सोमवारी वजनं. पहिल्या सोमवारी सतरा चव्वेचाळीस. दुसऱ्या सोमवारी साडेसत्तेचाळीस. सरांनी काटा तपासला, स्वतः त्यावर चढून पाहिलं, मला चढवलं, बेबीताईला चढवलं. काटा बरोबर होता. मग त्यांनी नोटीस लावली. बाहेरचं अन्न म्हणजे बाहेरचा रोग, एका घासाने अख्खी शेड जाऊ शकते, जो कोणी हे करत असेल त्याने स्वतःहून येऊन सांगावं. खाली सही. ती नोटीस मी आणि बेबीताईने शेजारी उभं राहून वाचली आणि दोघींनीही "कोण असेल बाई" अशा चेहऱ्याने मान हलवली.

कोणी आलं नाही तेव्हा सर मुळाशी गेले. म्हणजे अक्षरशः शेवटाशी गेले. स्टेशनजवळून पिठाची नवी चाळणी आणली आणि सतराची विष्ठा पाण्याने धुऊन चाळायला सुरुवात केली. तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी आम्हा दोघींना बोलावलं. पांढऱ्या ट्रेमध्ये नमुने मांडलेले. चिमट्यात एक हिरवं सुरकुतलेलं पान धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, घरी मेथी वारंवार होते का. मी खाली बघितलं. मग त्यांनी मासळीचा काटा उचलला. जन्मभर अंड्याला न शिवलेला माणूस सुक्या बोंबलाचा काटा उजेडात फिरवून बघत होता, आणि बेबीताई छताकडे. तांदळाची भाकरी आणि वर सुका बोंबील, असा तिचा रोजचा घास निघाला.

"उपाशी जीव बघवत नाय मना," बेबीताई म्हणाली. "आनि मना वाटलं मी एकलीच देतंय."

सरांनी आम्हाला जे झापलं ते इथे लिहीत नाही. त्यांचं सगळं बरोबर होतं. रोग येऊ शकला असता, सगळी डुकरं मेली असती, वर्षाचं काम बुडालं असतं. मी मान खाली घालून ट्रेकडे बघत होते. आणि तिथे मला मेथी आणि काट्यांच्या मध्ये बारीक लाल सालं दिसली. शेंगदाण्याची सालं. भरपूर.

मी पराठ्यात शेंगदाणे घालत नाही. बेबीताईच्या बोंबलात शेंगदाणे नसतात. सोमवारी आणि गुरुवारी दाण्याचे लाडू डब्यात आणणारा माणूस त्या शेडमध्ये एकच होता. मी वर पाहिलं. सर माझ्याकडे बघत होते. "काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. त्यांच्या अहवालात 'आढळलेले पदार्थ' या रकान्यात मेथी आणि मासळीचे काटे असं लिहिलेलं होतं. पुढे पूर्णविराम.

मी आणि बेबीताईने खाऊ घालणं त्या दिवसापासून बंद केलं. देवाशपथ बंद केलं. पुढच्या सोमवारी सतराचं वजन बावन्न किलो भरलं.

सतरा प्रयोगातून बाद झाली आणि तिच्या जागी अठरा गेली. प्रयोगाच्या प्रमुख मॅडम तशा शांत बाई, पण आता त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी समिती असते, तिची बैठक लागली. सरांच्या अहवालाप्रमाणे दोषी दोघी: एक मी आणि दुसरी बेबीताई. माझी नोकरी जाईल तर दुसरी मिळेल, पण बेबीताई कॉन्ट्रॅक्टवर, तिला एका फोनने घरी बसवतील. आणि मला राहून राहून सरांचा राग येत होता. तत्त्वाच्या एवढ्या गप्पा मारणारा माणूस, आणि आमच्या माना पुढे करून स्वतः नामानिराळा. बैठकीला जाताना मी ठरवलेलं की सालांचं सगळं सांगून टाकायचं.

वेळच आली नाही. मॅडमनी जबाबदारी कुणाची असं विचारलं, बेबीताई उठून म्हणाली की मीच दिलं, ताईंचा काय दोष नाय. आणि सर कोपऱ्यातून तिच्यावर खेकसले.

"खाली बस. तुझ्या भाकरीने फार तर किलोभर वाढलं असेल. हिच्या पराठ्यात तेलच नसतं, त्याने काय होणार? बाकीचं माझं आहे."

आणि त्यांनी पिशवीतून एक शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली. त्यात रोजच्या नोंदी होत्या. तारीख, वेळ, दाण्याचा लाडू अर्धा. तारीख, वेळ, लाडू एक. तारीख, वेळ, लाडू दीड, यांचा उपास मोडला. खाली प्रत्येक दिवशी सही. जे नोंदलं नाही ते घडलंच नाही, असं आम्हाला रोज बजावणाऱ्या या माणसाने चोरी केली, पण चोरीचीही नोंद ठेवली. अहवालात लिहायचा धीर झाला नाही म्हणून वेगळी वही केली, एवढंच. चोरून खाऊ घालायला त्यांनी रोज लाडू वळले होते. स्वतःची नोटीस लागल्यावर तर जास्तच.

मॅडम वही चाळत बसल्या. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, सर, पण का?

"त्यांना भूक लागायची," सर म्हणाले.

सरांना लेखी समज मिळाली. दोन महिन्यांसाठी दुसरा डॉक्टर आणणार कुठून, म्हणून जागेवर ठेवलं. आम्हा दोघींना तोंडी. प्रश्न उरला तो सतराचा. बाद झालेल्या जनावराचं दोनपैकी एक होतं. एक तर त्याला जन्मभर सांभाळीन, कापणार नाही, विकणार नाही, असं लिहून देणारा माणूस मिळाला तर ते त्याच्याकडे जातं. प्रयोग संपेपर्यंत, म्हणजे चाळीस दिवसांत, असा माणूस शोधायचा. नाही मिळाला तर शेड रिकामी होईल त्या दिवशी सतराही बाकीच्यांबरोबर.

दुसऱ्या दिवसापासून सर घर शोधायला निघाले. रविवारी मला बरोबर घ्यायचे, कारण मी गोड बोलते असं त्यांचं मत होतं. टिटवाळ्याच्या पुढे एक गोशाळा आहे तिथे गेलो. तिथल्या ट्रस्टींनी चहा दिला, भूतदयेवर बोलले, आणि जनावर कोणतं ते कळल्यावर कप उचलून नेले. एका प्राणीमित्र बाईंनी फोनवर लगेच हो म्हटलं, पण त्यांना ते परदेशात हौसेने पाळतात तसलं, चहाच्या कपात मावणारं डुक्कर वाटलेलं. सरांनी वजन सांगितलं, पुढे दोनशेपर्यंत जाईल तेही सांगितलं. सांगायलाच हवं होतं का, असं मी विचारलं तर माझ्यावर भडकले.

मग त्यांनी स्वतःच्या सोसायटीत अर्ज केला. माझ्याकडे गाडी नाही, माझी पार्किंगची जागा रिकामी आहे, तरी तिथे एक पाळीव प्राणी ठेवण्यास परवानगी मिळावी. वजन सध्या अठ्ठावन्न किलो, वाढते. सेक्रेटरींना वाटलं मोठा कुत्रा असेल, त्यांनी जात विचारली. सरांनी यॉर्कशायर म्हणून सांगितलं. योगायोगाने त्या नावाची चिमुकली कुत्री असते म्हणे, त्यामुळे दोन दिवस सगळे खूश होते. मग कुणीतरी वजनाकडे पुन्हा बघितलं आणि तातडीची सर्वसाधारण सभा बोलावली गेली. गेल्या दहा वर्षांत त्या सोसायटीच्या सभेला एवढी हजेरी लागली नव्हती.

दिवस संपत आले. सर वाळत चालले. शेडमध्ये विचारपूस चालू होती, पण सतराच्या जाळीपाशी आले की नुसते उभे राहायचे. तिला तर बघायची सवयच होती, दोघं एकमेकांकडे बघत राहायची. बेबीताई मला म्हणायची, ताई, काय तरी करा, बुढा जाईल असान.

शेवटच्या रविवारी आम्ही ठाण्याला पास्कलकडे गेलो. घोडबंदरच्या बाजूला जुन्या ख्रिस्ती पाड्यात त्याची वाडी होती, केळी होत्या, दहा-बारा डुकरं होती. त्यांना लस द्यायला सर कित्येक वर्षं फुकट जायचे. सरांनी त्याला सगळं सांगितलं. पास्कल डोकं खाजवत बसला.

"डॉक्टर, तुमच्याशी खोटं नाय बोलनार," तो म्हणाला. "आमच्याकडं डुक्कर म्हातारं होत नाय."

मला वाटलं, झालं, संपलं. पण सर हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. इतक्या दिवसांत एकच माणूस खरं बोलला, म्हणाले. मग चष्मा पुसत त्यांनी गोठ्याला लागून असलेल्या एका बंद खोलीकडे बोट दाखवलं आणि ती भाड्याने देणार का असं विचारलं. पास्कलला कळेना. कुणाला, त्याने विचारलं. मला, सर म्हणाले, आणि बाजूचा कोपरा यांना. जनावर माझं, लिहून मी देणार, तू फक्त जागा दे.

पास्कलने आधी माझ्याकडे बघितलं, मग आत चुलीकडे, जिथे त्याची बायको मोठ्या टोपात काहीतरी ढवळत होती. वास मलाही ओळखता येत होता. तो संकोचून म्हणाला की डॉक्टर, रविवारी आमच्याकडे काय शिजतं ते ठावं हाय ना तुमाला. सर म्हणाले, रविवारी मी डोंबिवलीला जाऊन येईन. तुझं घर, तुझी चूल. इतर दिवशी मी वरण-भात करीन, तुम्ही नाक धरा. असा तो करार झाला.

प्रयोगाच्या शेवटच्या दिवशी बारा इंजेक्शनं सरांनी दिली. अठरा शेवटी ठेवली. तिच्या कानामागे ते फार वेळ खाजवत राहिले, आणि दोनदा सुई उचलून खाली ठेवली. मी पुढे झाले तर नुसती मान हलवून मला मागे जायला सांगितलं. आठवडाभराने ते रिटायर झाले आणि त्याच दिवशी एका टेम्पोत मागे बसून, सतराच्या शेजारी, घोडबंदर रोडने गेले. बेबीताईने टेम्पोला हार घातलेला.

वर्षभराने मी पास्कलकडे गेले. सतरा केळीखाली आडवी पडलेली. एकशे नव्वद किलो, सरांनी सोमवारचा आकडा सांगितला. आता अर्धं पोट ठेवायची गरज नाही, पण सांधे जपायला हवेत म्हणून लाडू बंद केलेत, असंही सांगितलं. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत सर, गुडघ्यावर वर्तमानपत्र. डुक्कर पंधरा वर्षं जगतं, मीही साधारण तेवढाच, दोघांचं एकदमच आटपेल, असं ते अगदी समाधानाने म्हणाले. मला आलीस, उशीर केलास, म्हणून झालेलंच होतं.

मला इतके दिवस एक विचारायचं होतं. माझ्या डोक्यात होतं की सतरा जाळीला नाक लावून बघायची, ती वेगळीच होती, म्हणून सरांचा जीव जडला. तसं ऐकायला मिळेल असंच वाटलेलं. मी विचारलं, "सर, इतकी वर्षं, इतकी डुकरं आली. मग हिच्यातच काय होतं?"

सरांनी पेपरची घडी घातली.

"हिच्यात काही नव्हतं. प्रत्येकाच्या वेळी हेच वाटायचं, पहिल्यापासून. अठराच्या वेळीही वाटलं. या वेळी रिटायर व्हायला दोन महिने राहिलेले, म्हणून एकीपुरता धीर झाला."

मग सतराने कूस बदलली, आणि ते उठून तिचं पाणी बघायला गेले. मला तिथेच रडू आलं. पास्कलच्या बायकोने काही न विचारता चहा आणून दिला. शेडची चावी वर्षभर माझ्याकडे होती. नवी बारा डुकरं आलेली, त्यांचा प्रयोग त्या महिन्यात संपणार होता, आणि शेवटचं इंजेक्शन आता मी द्यायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. परतताना बसमध्ये बसल्या-बसल्या मी बोटांवर मोजलं. मला बत्तिसावं चालू होतं. माझ्या रिटायरमेंटला अजून अठ्ठावीस वर्षं होती.